रायमुनिया उपटणारे हात गावात आहेत. अभ्यास करणाऱ्यांना सोबत कसं बांधून घ्यायचं?

पळसपान | २८ मे, रात्री ९:१०

नमस्कार. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. जिल्हा चंद्रपूर, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीचं दफ्तर मी सांभाळते, त्यामुळे जंगलात कुठे काय चाललंय ते दर महिन्याला लिहावं लागतं. गेली तीन वर्षं त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द म्हणजे रायमुनिया. पुण्याकडचे लोक घाणेरी किंवा टणटणी म्हणतात तीच.

बाहेरच्या माणसाला ती रंगीत फुलांची झुडपं वाटतात. आम्हाला ती मोहाच्या झाडाखाली दिसतात. मार्चमध्ये बायका पहाटे चारला टोपल्या घेऊन निघतात. पूर्वी झाडाखालची जागा झाडून साफ ठेवली की फुलं मातीवर पडलेली दिसायची. आता तिथे छातीएवढी रायमुनिया आहे, फुलं काट्यात अडकतात आणि दहा पावलांवर काय बसलंय ते कळत नाही. आमच्या भागात ही भीती पोकळ नाही. चारा संपला की गुरं तिचा पाला खातात, मग नाकाची कातडी सोलते, डोळे पिवळे पडतात. गुरांचे डॉक्टर बघताक्षणी ओळखतात.

आम्ही काय काय केलं ते सांगते. पहिल्या वर्षी श्रमदान केलं. सत्तर माणसं, कोयते, दोन दिवस. दसऱ्यापर्यंत एकेका खोडाला पाच-पाच सहा-सहा फुटवे आले आणि झुडूप आधीपेक्षा दाट झालं. दुसऱ्या वर्षी एका सरकारी कामातून ठेकेदाराने यंत्र आणलं. जमीन उलटीपालटी झाली, पुढच्या पावसात तिथे रानतुळस आणि तरोटा माजला, गवताची काडी नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही थांबलो.

आता मूळ मुद्दा. या सगळ्याच्या आधी एका विद्यापीठातून अभ्यासाला मुलं आली होती. सलग दोन हिवाळे. दोरी लावून चौकोन आखले, झाडांना पत्र्याचे छोटे बिल्ले ठोकले, प्रत्येक चौकोनातली रोपं मोजली. आमची चार पोरं त्यांच्यासोबत रोजाने होती. जेवण आमच्याच घरी. चांगली मुलं होती, मनापासून काम करत होती. मग ती गेली. त्यांच्या अभ्यासातून काय निघालं हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. बिल्ले अजून झाडांवर आहेत. १ ते ६० आकडे आहेत, आणि त्या आकड्यांचा अर्थ गावात कुणालाच माहीत नाही.

मला राग काढायचा नाही. मला विचारायचं आहे की शास्त्र शिकलेले आणि जमीन राखणारे यांची जोडी खरंच कुठे जमलीय का? जमली असेल तर काय केल्यामुळे? पुढच्या वेळी कुणी अभ्यासाला आलं तर ग्रामसभेने आधी काय ठरवून घ्यावं?

कुरणवाट | २८ मे, रात्री ११:३५

पळसपान ताई, मी वनस्पतींवर संशोधन करतो, गवताळ भागात. तुमच्या गावात आलो नव्हतो, पण बिल्ल्यांचं वाचून मान खाली गेली. कारण असे बिल्ले मीही ठोकलेत, आणि एका ठिकाणी मीही परत गेलेलो नाही.

कारणं सांगतो, त्याने चूक कमी होत नाही. पीएचडीचा पैसा तीन-चार वर्षांचा. शेवटचं वर्ष लिहिण्यात जातं. लेख छापून येतो तेव्हा पोरगं दुसऱ्या राज्यात नोकरीला असतं. गावाला निष्कर्ष सांगण्याचं काम कुणाच्या वेळापत्रकातच नसतं, त्याला गुण नाहीत आणि प्रवासखर्चही नाही.

आता तुमच्या तीन प्रयत्नांबद्दल. जे घडलं ते घडणारच होतं, आणि हे माहीत असलेली माणसं देशात आहेत. दुःख एवढंच की ते तुमच्यापर्यंत आलं नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात यावर काम केलं, २००९ मध्ये ते छापूनही आलं. त्यांचं म्हणणं असं: रायमुनियाला फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीतून. जमिनीच्या वर तोडलं की ती गाठ शाबूत राहते आणि जोमाने फुटते. म्हणून मातीच्या खाली तीन-चार बोटं जाऊन, गाठीच्या खालून मुख्य मूळ तोडायचं. झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फांदी ओल्या मातीला टेकली तर तिथे परत रुजते, म्हणून उलटं. यंत्राने जमीन उकरली की मात्र मातीतलं सगळं बी वर येतं आणि पहिल्या पावसात ज्याला उजेड मिळेल ते उगवतं. तुमच्याकडे रानतुळस आली ती अशी.

दुसरी गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे, फक्त तिचं कारण सांगतो. मोहाखाली रायमुनिया जास्त का? बुलबुल, साळुंकी ही तिची काळी फळं खातात आणि मोठ्या झाडावर बसून विष्ठा टाकतात. पक्षी बसतात ती झाडं, ओढ्याची काठं, पायवाटा, इथून ती पसरते. त्यामुळे उपटून झाल्यावर दोन-तीन पावसाळे याच जागांवर फिरून हाताएवढी रोपं उपटावी लागतात. तेव्हा ती दोन बोटांनी निघतात.

आणि तिसरं, मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत हवं. मारवेल, पवना, तुमच्याकडे जे मूळचं असेल ते. रिकामी जमीन तिला परत बोलावते.

जाळरेषा | २९ मे, सकाळी ७:२०

वनपाल म्हणून निवृत्त झालो. तेहेतीस वर्षं जंगलात काढली. ताईंनी ठेकेदाराचं लिहिलं त्यावर बोलणं मला भाग आहे, कारण अशी कामं मीही मोजून घेतली आहेत.

काम मंजूर होतं ते 'निर्मूलन, इतके हेक्टर' असं. पैसा ३१ मार्चच्या आत संपवायचा. माप कधी घ्यायचं? उपटल्या दिवशी. त्या दिवशी जमीन स्वच्छच दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे काय आहे हे मोजायला कागदावर जागा नाही, आणि त्या रोपांवर हात फिरवायला मजुरीची तरतूद क्वचितच असते. वनरक्षकाला हे सगळं दिसतं. तो बोलतोही. पण त्याचं बोलणं कार्य आयोजनेच्या, म्हणजे वनखात्याच्या कामाच्या आराखड्याच्या, पुस्तकात उतरत नाही.

माझ्या नोकरीत अभ्यासाला आलेल्यांपैकी एकच माणूस असा भेटला ज्याने पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्हाला काय अडतंय?" बाकीचे परवानगीचं पत्र दाखवायचे आणि वाटाड्या मागायचे. त्या माणसाला आमच्या बीटवरच्या वनमजुराने सांगितलं होतं की जाळरेषेच्या, म्हणजे वणवा अडवायला साफ ठेवतात त्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना रायमुनिया आधी येते, मग आत शिरते. त्याने ते मोजलं, ते खरं निघालं, आणि पुढच्या वर्षी आम्ही जाळरेषा साफ करतानाच रोपं उपटायला लागलो. वेगळा पैसा लागला नाही. तो वनमजूर चौथी शिकलेला होता. जंगलात चाळीस वर्षं रोज चालणं हाही अभ्यासच आहे, पण त्याचं नाव कुठल्या कागदावर लागलं नाही याची रुखरुख मला अजून आहे.

ग्रामसभेने एक करावं. आपल्या व्यवस्थापन आराखड्यात 'निर्मूलन' हा शब्दच घालू नये. 'तीन वर्षांची राखण' असं काम लिहावं आणि मजुरी तीन भागांत वाटावी. पहिल्या वर्षी अर्धी, मग उरलेली दोन पावसाळ्यांत.

पळसपान | २९ मे, दुपारी १:०५

काका, 'तीन वर्षांची राखण' हे मी आजच वहीत लिहून ठेवलं.

कुरणवाट दादा, मातीखालच्या गाठीचं वाचून आमच्या गावातला एक म्हातारा माणूस आठवला. श्रमदानाच्या दिवशी तो ओरडत होता, "कोयता नको, सब्बल आणा." आम्ही ऐकलं नाही, कारण कोयत्याने काम भराभर होत होतं.

एक विचारते. एवढी सगळीकडे पसरलेली आहे तर आमच्या दोनशे हेक्टरने काय होणार?

कुरणवाट | २९ मे, रात्री १०:५०

प्रश्न अगदी रास्त आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर, ती पोचलेली आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेलं हे झाड. दोनशे वर्षांत भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या तिन्ही देशांनी ते संपवायचा प्रयत्न केला आणि कुठेच ते संपलेलं नाही. याचाही नीट आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे.

म्हणून 'संपवायचं' हे ध्येय ठेवलं की माणूस हरतोच. कुठली जागा राखायची हे ठरवलं तर जिंकता येतं. आणि ते ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे, माझा नाही. मी सगळ्यात दाट पट्ट्याकडे धावलो असतो, कारण तिथे आकडे चांगले मिळतात.

कातळसडा | ३० मे, सकाळी ८:४५

रत्नागिरीहून. आमच्याकडे हीच कथा रानमोडीची. काजूच्या बागा, गुरांची राने, रस्त्याच्या कडा. पावसानंतर वाढते, थंडीत फुलते आणि कापसासारखं बी वाऱ्यावर उडतं. उन्हाळ्यात तीच वाळून वणव्याला सरपण होते. फुलायच्या आधी बेणली तर उपयोग, बी उडाल्यावर बेणून नुसती मजुरी जाते. हे एवढं साधं वेळापत्रक आमच्या वाडीला एका कृषी पदवीधर मुलाने समजावलं, तोवर आम्ही सगळे माघातच बेणत होतो, कारण तेव्हा माणसं मोकळी असतात.

माझा मुद्दा वेगळा आहे. सगळे कीड सोडण्याबद्दल बोलतात, त्यावर कुणी माहितगाराने लिहावं. रायमुनिया खाणारा किडा नाहीच का?

कुरणवाट | ३० मे, दुपारी २:१५

आहे. १९४१ मध्ये एक ढेकण्या जातीचा किडा, टेलिओनेमिया, भारतात आणला गेला. पानांतला रस शोषतो, झाड काही काळ मलूल होतं, मग पावसात परत उभं राहतं. अडचण अशी की आपली घाणेरी ही एक जात नाहीच. बागांसाठी संकर करकरून तयार झालेल्या अनेक वाणांचा तो गोतावळा आहे. किड्याला एक वाण रुचतो, शेजारचा नाही.

पण किड्याने काम केल्याचं आणि लोकांनी ते पसरवल्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. गाजर गवत.

काळीमाती | ३० मे, रात्री ८:३०

गाजर गवताचं मी लिहितो, कारण ते मी केलंय. लातूर जिल्ह्यात शेती आहे.

हे गवत देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५ च्या सुमारास. मेक्सिकोतून त्याच्यावर जगणारा भुंगा १९८३ मध्ये बंगळुरूला आणला, तो दुसरं काही खात नाही ना याची तपासणी झाली आणि पुढच्या वर्षी सोडला. आमच्याकडे तो सरकारी गाडीतून कमी आणि शेतकऱ्यांच्या डब्यातून जास्त आला. मी स्वतः कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यातून भोकं पाडलेल्या डब्यात शंभरेक भुंगे आणले. सांगणाऱ्या प्राध्यापकांनी दोन गोष्टी पक्क्या डोक्यात घातल्या होत्या. पाऊस सुरू झाल्यावरच सोडा, आणि सोडलेल्या जागी त्या वर्षी गवत उपटू नका, फवारू नका. दुसरी गोष्ट शेजाऱ्यांना पटेना. मुद्दाम गाजर गवत राखून ठेवायचं म्हणजे काय! ऑगस्टमध्ये पानांची चाळणी झालेली बघितल्यावर तेच शेजारी डबे घेऊन आले. भुंगा पावसाळा संपला की मातीत जातो, त्यामुळे गवत संपत नाही. पण बी धरायचं प्रमाण कमी झालं, हे माझ्या बांधावर मी बघतोय.

आता यापेक्षा जास्त शिकवलं ते २०२२ च्या खरिपात. शंखी गोगलगाय. लातूर, बीड, उस्मानाबाद, सगळीकडे सोयाबीन दोन पानांवर असताना रात्रीत फस्त. लोकांनी दोनदा-तीनदा पेरण्या केल्या. ही गोगलगायसुद्धा बाहेरचीच, आफ्रिकेतली. १८४७ मध्ये कलकत्त्यात आणली गेली. परभणीच्या विद्यापीठाचा सल्ला स्वच्छ होता: ओली गोणपाटं संध्याकाळी शेतात टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा, मिठाच्या किंवा चुन्याच्या पाण्यात मारा, बांधालगत चुन्याचा पट्टा ओढा, विषारी गोळ्या वापरायच्या तर जनावरं आणि पोरं जपून. कागदावर सगळं बरोबर. पण एकट्याने वेचलं तर काही उपयोग नाही, रात्री शेजारच्या वावरातून तेवढ्याच येतात. दिवसा त्या लपतात कुठे? बांधावरच्या झुडपात, दगडाच्या ढिगात, नाल्यात. म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेल्या जागेत. सल्ला शेतकऱ्याला दिला जातो, एकेकट्याला. कीड मात्र शिवारभर एक असते.

आमच्या गल्लीतल्या अकरा खातेदारांनी मिळून पुढच्या वर्षी मृगाच्या पहिल्या पावसानंतर लगेच, पेरणीच्याही आधी, नाला आणि बांध वेचून काढले. अंडी मातीत पांढऱ्या मण्यांसारखी असतात, तीही. त्या वर्षी नुकसान फार कमी झालं. मी शास्त्रज्ञ नाही, पाऊस कमी होता म्हणूनही असेल. कुणी येऊन आमच्या अकरांची आणि पलीकडच्या गल्लीची तुलना केली असती तर आज छातीठोक सांगता आलं असतं. हीच ती हुकलेली गाठ, पळसपान ताई.

दूरचीवाट | ३१ मे, पहाटे ४:५०

ब्रिस्बेनहून लिहिते आहे. मूळची वर्ध्याची. इथे सतरा वर्षं झाली. घरामागच्या ओहोळाकाठी पहिल्यांदा गेले तेव्हा रायमुनिया बघून आधी गावची आठवण आली आणि मग धक्का बसला. इथेही तिने तसाच उच्छाद मांडलाय.

महिन्यातून एका रविवारी आमचा गट त्या ओहोळावर काम करतो. या चळवळीला इथे लँडकेअर म्हणतात. १९८६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सुरू झाली, शेतकऱ्यांच्या संघटनेने आणि राज्य सरकारने एकत्र येऊन. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गटासोबत एक पगारी समन्वयक असते. ती स्वतः शास्त्रज्ञ नाही, जमीनमालकही नाही. तिचं काम एवढंच की आमच्या शंका योग्य माणसाकडे न्यायच्या आणि त्यांचं उत्तर आमच्या भाषेत परत आणायचं. ती बदलली आणि मध्ये आठ महिने कुणी नव्हतं, तर गट निम्म्यावर आला.

जुन्या लोकांकडून इथे फड्या निवडुंगाची गोष्ट ऐकायला मिळते. १९२० च्या दशकात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये मिळून सुमारे ६ कोटी एकर जमीन त्याने व्यापली होती, लोक शेतं सोडून निघून गेले होते. १९२६ मध्ये अर्जेंटिनातल्या एका पतंगाची अंडी वाटली गेली, कागदाच्या पट्ट्यांवर चिकटवून, आणि शेतकऱ्यांनी ती स्वतः निवडुंगाला टोचली. सातेक वर्षांत बहुतेक जंगल कोसळलं. बूनार्गा नावाच्या छोट्या गावात त्या पतंगाच्या नावाने लोकांनी सभागृह बांधलंय, मी बघून आले. पण तोच पतंग अमेरिकेत पोचला तेव्हा तिथल्या मूळच्या निवडुंगांवर संकट झाला. म्हणून कीड सोडण्याची घाई नको.

इथली पद्धत जशीच्या तशी तिकडे लागू होणार नाही, हेही सांगते. इथे जमीन एकेकाच्या नावावर आहे. तुमची ग्रामसभेची आहे. मला तर तुमचं बळ जास्त वाटतं.

सागवान | ३१ मे, सकाळी १०:१०

सगळे उपटण्याबद्दल बोलताय. विकण्याचं का नाही? कर्नाटकात मलेमहादेश्वर डोंगरात सोलिगा लोक रायमुनियाच्या काड्यांपासून खुर्च्या-टोपल्या करतात, बंगळुरूच्या 'एट्री' या संशोधन संस्थेने ते शिकवलंय. निलगिरीत त्याच काड्यांचे मोठाले हत्ती केले, ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभे होते. वेताला पर्याय आहे. गावाला पैसा मिळाला तर उपटण्याचं काम आपोआप होईल.

जाळरेषा | ३१ मे, सायंकाळी ६:००

सागवान भाऊ, सरळ विरोध करतो. बांबूत आयुष्य गेलं माझं. ज्या मालाला भाव येतो तो माल माणूस संपवत नाही, राखतो. उद्या काडी विकत घेणारा व्यापारी ठराविक जाडीची काडी मागेल. मग लोक तेवढीच तोडतील आणि खोड पुन्हा फुटायला ठेवतील.

सागवान | ३१ मे, रात्री ८:२५

काका, उपाशी माणसाला तीन वर्षांची राखण सांगणंही सोपं नाही. कारागिराला मिळणारा पैसा खरा असतो.

कुरणवाट | १ जून, सकाळी ९:००

दोघांचंही बरोबर आहे, असं म्हणून सुटता येणार नाही. माझं मत काकांच्या बाजूला झुकतं: उपटलेला माल विकावा, पण आराखडा मालावर बेतू नये. मजुरी जागा राखण्याची द्यावी, काडीची नाही.

सोलिगांचं नाव निघालंय म्हणून त्यांची दुसरी गोष्ट सांगतो, ती या धाग्याच्या गाभ्याची आहे. बिळिगिरीरंगन डोंगरात एट्रीच्याच अभ्यासकांनी १९९७ आणि २००८ मध्ये तेच चौकोन पुन्हा मोजले. रायमुनिया असलेल्या चौकोनांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं. अभ्यासकांनी मग सोलिगा वडीलधाऱ्यांना विचारलं. त्यांचं उत्तर असं होतं की आम्ही पूर्वी हिवाळा सरता सरता पालापाचोळ्याला हलकी आग द्यायचो, त्यात रोपं मरायची. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, आग बंद झाली, आणि ही माजली. हे सांगणं संशोधकांनी अडाणी समजूत म्हणून टाकून दिलं नाही. ते प्रसिद्ध केलं, त्यावर पुढे अभ्यास केले. आता माजलेल्या रायमुनियाला आग लावणं धोक्याचं आहे, कारण ती उंच पेटते आणि झाडं जातात. त्यामुळे 'पुन्हा आग लावा' असा निष्कर्ष कृपया कुणी काढू नये. माझा मुद्दा इतकाच की अकरा वर्षांनी तेच चौकोन मोजायला कुणीतरी परत गेलं, म्हणून हे सगळं समजलं.

ताई, तुमचे ६० बिल्ले म्हणजे तसेच चौकोन आहेत. उपटण्याच्याही आधीची मोजणी. कुठल्याही संशोधकासाठी ते सोनं आहे. ते आकडे मिळवायलाच हवेत. विद्यापीठाचं नाव इथे लिहू नका, मला निरोप पाठवा, मी शोधतो.

पळसपान | १ जून, रात्री ९:४०

निरोप पाठवला आहे.

आज समितीत हा धागा वाचून दाखवला. दोन तास बोलणं झालं. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे, तिथला अभ्यासगट सगळ्यांना ऐकून माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी रुजवलेली रीत: निर्णय ग्रामसभेचा, पण त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, बाहेरचा माणूस तिथे शिकायलाही बसतो आणि सांगायलाही. मग एक आजी म्हणाल्या, "मोजणारी पोरं आली तेव्हा आपण त्यांना जेवायला बसवलं, अभ्यासगटात बसवलं नाही." त्यावर कुणी काही बोललं नाही.

समितीने ठरवलेलं लिहिते, चुकत असेल तर सांगा. अभ्यासाला येणाऱ्याने आधी ग्रामसभेत बसायचं, आणि त्याच्या प्रश्नांसोबत गावाचा निदान एक प्रश्न घ्यायचा. मोजलेल्या आकड्यांची एक प्रत मराठीत गावच्या दफ्तरात, जाण्याआधी. लेख छापून यायची वाट बघायची नाही. सोबत काम करणाऱ्या पोरांनी नुसती दोरी धरायची नाही, त्यांना मोजणी शिकवायची, म्हणजे पुढच्या वर्षी तीच मोजतील. जैवविविधता समितीची लोक नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-प्राणी लिहायची वही, कपाटात धूळ खात पडलीय, ती बाहेर काढून हे सगळं तिच्यात उतरवायचं.

आणि पहिली जागा कोणती, यावर मतदान करायची वेळच आली नाही. बायकांनी सांगितलं, मोहाच्या सत्तावीस झाडांखालची आणि तिथे जाणाऱ्या वाटेची.

कुरणवाट | २ जून, सकाळी ७:५०

यात एकच भर घाला. थोडी जागा मुद्दाम न उपटता सोडा, तशाच मोहाच्या झाडांखालची. तीन-चार झाडं पुरेत. नाहीतर नंतर कळणारच नाही की गवत आलं ते उपटल्यामुळे की पाऊस चांगला झाल्यामुळे. काळीमाती दादांची जी खंत आहे ती इथे टाळता येईल. बायकांना हे पटवणं अवघड जाईल याची कल्पना आहे.

शिवाय सलग सगळं एकदम मोकळं करू नका. मुनिया, लावे, ससे आज त्याच झुडपात आसरा घेतात. पट्ट्यापट्ट्याने जा.

पळसपान | २ जून, दुपारी ३:३०

चार झाडं सोडायला तयार झाल्या. वाटेपासून लांबची, आणि कुणाची ते चिठ्ठ्या टाकून. त्या चौघींना बाकीच्यांनी आपल्या मोहातला वाटा द्यायचा असं त्यांनीच ठरवलं.

पळसपान | १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

बरेच दिवसांनी. मृगाचा पाऊस पडून माती मऊ झाल्यावर काम केलं. सब्बल आणि कुदळ, कोयता नाही. दोघांची जोडी: एकाने फांद्या मागे धरायच्या, दुसऱ्याने मूळ शोधून गाठीखालून तोडायचं. पहिल्या दिवशी फार हळू झालं, लोक वैतागले. चौथ्या दिवसापर्यंत हात बसला. तेवीस झाडांखालची जागा आणि वाट झाली. ओरडणारा तो म्हातारा माणूस सगळ्यांना मूळ दाखवत फिरत होता.

मागच्या आठवड्यात रोपं वेचायला गेलो. बोटाएवढी रायमुनिया शेकड्याने निघाली, दोन बोटांनी. फुटवा फक्त नऊ ठिकाणी, तिथे मूळ वरूनच तुटलं होतं. सातवी-आठवीच्या मुली मोजून वहीत लिहीत होत्या.

आणि दादांमुळे तो कागद आला. त्या अभ्यासातली एक मुलगी आता दुसऱ्या राज्यात शिकवते, तिने स्वतः मराठीत तक्ता करून पाठवला, सोबत पत्र. पत्र ग्रामसभेत वाचलं. ६० चौकोन, प्रत्येकात किती रायमुनिया, किती गवत, किती मोहाची नवी रोपं. बिल्ला ३४ आमच्या साफ केलेल्या जागेत येतो. तेव्हाची नोंद: रायमुनिया ४१, गवत नाही, मोहाचं रोप नाही. काल तिथे बसून आम्ही मोजलं. रायमुनियाची बारकी रोपं १२, ती उपटली. कुसळी गवताची सात ठोंबं. मोहाची दोन रोपं, चार-चार पानांची.

ती दिवाळीत येते म्हणाली, सगळे बिल्ले पुन्हा मोजायला. तोवर मारवेलचं बी गोळा करून ठेवायचं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुणाच्या कुरणात मूळचं मारवेल असेल तर कळवा, बी कधी धरतं आणि झाडून घ्यायचं की कापून, तेही सांगा.

जाळरेषा | १८ ऑगस्ट, सकाळी ६:४५

पाऊस उघडल्यावर बी धरेल. ओंबी हाताने ओढली की सुटते का ते बघा, सुटली की तयार. कापू नका, हाताने ओढून घ्या. कापडी पिशवीत भरून सावलीत ठेवा. माझ्या जुन्या बीटजवळ एक कुरण आहे, पुढच्या रविवारी जाऊन बघून सांगतो.